यंत्र मंद कां झालें? प्रोसेसरच्या वेगाची परीक्षा

मनुष्याचें अंग तापलें म्हणजे घरांतील जाणतीं माणसें प्रथम कपाळावर हात ठेवतात, मग तापमापक लावतात, आदल्या दिवशीं काय खाल्लें तें विचारतात, आणि त्यानंतरच औषधाची गोष्ट काढतात. निदान आधीं आणि उपाय मागाहून, हा क्रम कोणासही शिकवावा लागत नाहीं. परंतु घरांतील संगणक मंद चालूं लागला कीं हींच जाणतीं माणसें निदानाची पायरी गाळून एकदम नव्या यंत्राची किंमत विचारावयास निघतात, असें आमच्या पाहण्यांत वारंवार आलें आहे.

संगणक ही आतां केवळ श्रीमंतांची वस्तु राहिलेली नाहीं. आमच्या शाळेंतील कित्येक मुलांच्या घरीं तो आहे. पण पुष्कळदां तो दुसऱ्याच्या हातचा, जुना घेतलेला असतो, आणि त्याकरितां आईबापांनीं काटकसर करून पैसा सांठविलेला असतो. अशा यंत्राविषयीं “हें आतां निकामी झालें” असें कोणीं सांगितलें म्हणजे त्या घरास बसणारा धक्का लहान नसतो. म्हणून यंदाच्या अंकांत आम्हीं एकच दोष विचारासाठीं घेतला आहे: डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर आपल्या ठरीव वेगापेक्षां कमी वेगानें चालतो, तो कां? या दोषाचीं कारणें पांचसहा आहेत. त्यांपैकीं बहुतेकांचा उपाय बिनखर्चाचा किंवा अल्प खर्चाचा आहे. आणि तीं ओळखावयास शाळेंतील गुणाकार-भागाकार पुरतो. नियम मात्र दोन पाळावे लागतात. मोजल्यावांचून दोष देऊं नये, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी.

वेग म्हणजे काय?

संगणकाच्या पेटींत मदरबोर्ड नांवाची एक मोठी पाटी असते. तिच्यावर, एका पंख्याखालीं झांकलेला, तळहातावर सहज मावेल असा एक चपटा चौकोनी तुकडा असतो. तोच प्रोसेसर. बेरीज, वजाबाकी, तुलना, अक्षरांची हलवाहलव हीं सर्व कामें तोच करतो. कवाईत करणारीं मुलें जशीं ढोलाच्या ठोक्यावर पाऊल टाकतात, तसा प्रोसेसरही एका ठोक्याच्या तालावर काम करतो. सेकंदास एक ठोका म्हणजे एक हर्ट्झ. हें नांव हाइनरिख हर्ट्झ (१८५७–१८९४) या जर्मन शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ दिलेलें आहे. सेकंदास दहा लक्ष ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ, आणि शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ.

इंटेल कंपनीनें १९७१ सालीं काढलेला ४००४ हा प्रोसेसर सेकंदास सुमारें ७,४०,००० ठोक्यांवर चाले. १९८१ सालच्या आयबीएम पर्सनल कॉम्प्युटरमध्यें हा आंकडा ४७,७०,००० होता. मार्च २००० मध्यें बाजारांतील प्रोसेसर १ गिगाहर्ट्झवर येऊन पोहोंचले. आज ३ गिगाहर्ट्झ ही साधारण गोष्ट आहे. प्रकाश एका सेकंदांत सुमारें तीन लक्ष किलोमीटर जातो. त्यास ३०० कोटींनीं भागिलें तर एका ठोक्याच्या अवधींत तो अवघा १० सेंटिमीटर पुढें सरकतो असें उत्तर येतें. हा भागाकार मुलांनीं स्वतः करून पाहावा, म्हणजे आपण कोणत्या वेगाविषयीं बोलत आहों याची कल्पना येईल.

हे ठोके येतात कोठून? मदरबोर्ड एक सावकाश मूळ ठोका पुरवितो. आजच्या बहुतेक डेस्कटॉप यंत्रांत तो १०० मेगाहर्ट्झचा असतो. प्रोसेसर त्या मूळ ठोक्यास एका गुणकानें गुणून आपला वेग तयार करतो. गुणक ३२ असेल तर ३२ × १०० म्हणजे ३,२०० मेगाहर्ट्झ, अर्थात् ३.२ गिगाहर्ट्झ. गुणक ८ वर आणला तर त्याच प्रोसेसरचा वेग ८०० मेगाहर्ट्झ होतो. हा गुणाकार वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

नांवावरील आंकडा आणि खरा वेग

पहिली शंका अशी घ्यावी, कीं प्रोसेसर खरोखरच मंद आहे, कीं आपण त्याचा वेग चुकीचा समजलों आहों?

ऑक्टोबर २००१ मध्यें एएमडी कंपनीनें अ‍ॅथलॉन एक्सपी या नांवाचे प्रोसेसर बाजारांत आणिले. त्यांपैकीं एकाचें नांव होतें १८००+. घेणारास वाटे कीं हा १,८०० मेगाहर्ट्झचा. परंतु त्याचा खरा वेग १,५३३ मेगाहर्ट्झ असे. १८०० हा आंकडा वेगाचा नसून इतर प्रोसेसरांशीं तुलना दाखविणारा होता. म्हणजे १,५३३ हा आंकडा पडद्यावर दिसला तर त्यांत यंत्राचा कांहींच दोष नव्हता.

परंतु याच प्रोसेसरची दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. तो बसविल्यावर कित्येकदां पडद्यावर १,५३३ न दिसतां १,१५० दिसे. आतां आपला गुणाकार करूं. या प्रोसेसरचा गुणक ११½, आणि मूळ ठोका १३३⅓ मेगाहर्ट्झ, गुणाकार १,५३३. परंतु मदरबोर्डची मांडणी सावधगिरीच्या १०० मेगाहर्ट्झवर राहिलेली असली तर ११½ × १०० = १,१५०. गणित नेमकें जुळलें! प्रोसेसर सुदृढ होता. मदरबोर्डच त्यास सावकाश ताल देत होता. मांडणींत १०० च्या जागीं १३३ केले कीं वेग पूर्ववत् होई.

यावरून एक उपयुक्त खूण हातीं लागते. १,१५० ला १,५३३ नीं भागिलें तर उत्तर बरोबर पाऊण येतें. मांडणीची चूक असली म्हणजे मिळणारा वेग असा नेमक्या प्रमाणांत कमी असतो आणि तेथेंच स्थिर राहतो. उष्णतेमुळें येणारी मंदता अशी शिस्तशीर नसते. ती क्षणोक्षणीं बदलते.

आजच्या प्रोसेसरांत आणखी एक भेद समजून घ्यावा लागतो. इंटेलनें २०१५ सालीं काढलेला कोअर आय-५ ६५०० हा प्रोसेसर घ्या. जुन्या यंत्रांच्या बाजारांत तो पुष्कळ आढळतो. यांतील ६५०० हा वेग नव्हे. याचा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ, आणि टर्बो वेग ३.६ गिगाहर्ट्झ. टर्बो म्हणजे काम थोडें, उष्णता कमी, अशा अनुकूल स्थितींत घेतलेली धांव. या प्रोसेसरचे चार गाभे आहेत. चारही गाभे एकदम राबूं लागले कीं ३.६ दिसणार नाहीं, आणि तो दिसलाच पाहिजे असा आग्रहही धरूं नये. दुकानांतील पाटीवर बहुधा मोठा आंकडा लिहिलेला असतो. कंपनी ज्या वेगाची हमी देते तो मूळ वेग. तक्रार करावयाची ती त्याहून खालीं गेल्यास.

विश्रांति म्हणजे आजार नव्हे

कित्येक मुलें आम्हांस सांगतात, “गुरुजी, यंत्र ३.२ चें आहे, पण पडद्यावर ०.८ दिसतें.” आम्ही विचारतों, “त्या वेळीं यंत्र काय करीत होतें?” उत्तर येतें, “कांहींच नाहीं.”

कांहींच करीत नव्हतें, म्हणूनच ०.८ दिसलें. काम नसतांना प्रोसेसर आपला गुणक उतरवितो, विजेचा दाबही उतरवितो, आणि वीज वांचवितो. येथेंही थोडें गणित उपयोगी पडतें. प्रोसेसरच्या चालू कामास लागणारी वीज वेगाच्या प्रमाणांत, आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. समजा, वेग निम्मा केला आणि दाब पाऊणपट केला. तर वीज किती लागेल? ½ × ¾ × ¾ = ९⁄३२, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. एवढी बचत होत असतां यंत्रानें रिकाम्या वेळीं पूर्ण वेगानें कां धांवावें? बैल गोठ्यांत बसला असतां त्यास कोणी आळशी म्हणत नाहीं. औतास जुंपल्यावर तो कसा चालतो हें पाहतात. प्रोसेसरचीही परीक्षा तशीच, जुंपून घ्यावी.

परीक्षा कशी घ्यावी?

विंडोज असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत परफॉर्मन्स या भागांत सीपीयू निवडावा. तेथें तीन आंकडे पाहावे: युटिलायझेशन, म्हणजे शेंकडा किती काम चालू आहे, स्पीड, म्हणजे या क्षणाचा वेग, आणि बेस स्पीड, म्हणजे मूळ वेग. उष्णतामान पाहण्यासाठीं एचडब्ल्यूमॉनिटर यासारखें एखादें मोफत साधन घ्यावें, आणि तें त्याच्या कर्त्यांच्या स्वतःच्या स्थळावरूनच उतरवावें.

आतां यंत्रास काम द्यावें. सेव्हन-झिप या मोफत साधनांत बेंचमार्क नांवाची सोय आहे. ती चालू केली कीं प्रोसेसरचे सर्व गाभे कामास लागतात. दहा मिनिटें हें काम चालूं द्यावें, आणि एका वहींत दर मिनिटास तीन गोष्टी लिहाव्या: वेळ, वेग, उष्णतामान. वहीच्या डोक्यावर त्या दिवसाचें खोलींतील हवेचें उष्णतामानही टिपावें. नोंद पुरी झाल्यावर तिचा आलेख काढावा. तो बहुधा तीन प्रकारांपैकीं एका प्रकारचा निघतो.

पहिला प्रकार: काम सुरू होतांच वेग मूळ वेगावर किंवा त्याहून वर चढतो, आणि दहा मिनिटें तेथेंच राहतो. हा प्रोसेसर निरोगी आहे.

दुसरा प्रकार: वेग प्रथम चांगला चढतो, परंतु एकदोन मिनिटांत उष्णतामान चढत जातें, आणि तें ९५ किंवा १०० अंशांच्या घरांत आलें कीं वेग घसरूं लागतो. हा उष्णतेचा दोष आहे.

तिसरा प्रकार: प्रोसेसर थंड आहे, काम पुरेपूर आहे, तरीही वेग पहिल्या क्षणापासून खालींच खिळलेला आहे. हा मांडणीचा, अथवा बाहेरून येणाऱ्या अटकावाचा दोष आहे.

हे तीन आलेख ज्यास ओळखतां आले त्याचें अर्धें काम झालें. पुढील सर्व उपाय या ओळखीवर अवलंबून आहेत.

तिसरा प्रकार: आधीं मांडणी पाहावी

सर्वांत सोपें कारण आधीं तपासावें. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्यें पॉवर ऑप्शन्स या भागीं यंत्रानें वीज किती वापरावी याची योजना ठरविलेली असते. तेथें पॉवर सेव्हर ही काटकसरीची योजना निवडलेली असेल तर ती बदलून बॅलन्स्ड करावी. तिच्या पोटांतच मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट नांवाचा एक आंकडा असतो. तो शंभर पाहिजे. कोणीं तो पन्नास करून ठेविला असेल तर प्रोसेसर बिचारा आज्ञाधारकपणें मंद चालेल. तो ९९ केला तरी बहुधा टर्बो बंद पडतो. हें बदलून पुन्हां दहा मिनिटांची मोजणी करावी. दुसरें कांहीं याच वेळीं बदलूं नये. नाहींतर गुण कशानें आला हें कधींच कळणार नाहीं.

त्यानें भागलें नाहीं तर बायॉस पाहावा. यंत्र सुरू होतांना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबली कीं बहुतेक यंत्रांत मदरबोर्डची मांडणी उघडते. तेथें मूळ ठोका आणि गुणक पाहून घ्यावे, आणि ते आहेत तसे वहींत उतरून ठेवावे. पूर्वीं कोणीं हौसेनें त्यांत ढवळाढवळ केली असेल, तर कंपनीची मूळ मांडणी परत आणण्याची सोय तेथेंच असते. आधुनिक यंत्रांत एवढ्यानें बहुधा काम होतें.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा, सीआर २०३२ या खुणेचा, ३ व्होल्टचा एक सेल असतो. यंत्र बंद असतां दिनांक, वेळ आणि मांडणी यांची स्मृति त्याच्या बळावर राहते. यंत्र सुरू करतांना दिनांक प्रत्येक वेळीं मागें गेलेला दिसला तर सेल संपला असें समजावें. सेल संपला म्हणजे जुन्या यंत्रांची मांडणी सावधगिरीच्या आंकड्यांवर परत जाई, आणि वर सांगितलेला १,१५० चा प्रकार घडे. सेल स्वस्त मिळतो. मात्र जुना सेल लहान भावंडांच्या हातीं लागूं देऊं नये. तो गिळला गेला तर जिवावर बेततें.

अटकाव बाहेरचा असेल तर त्याचीही नोंद यंत्र ठेवतें. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्यें सिस्टम या यादींत कर्नेल-प्रोसेसर-पॉवर या नांवाखालीं ३७ क्रमांकाची सूचना दिसते काय, हें पाहावें. प्रोसेसरचा वेग यंत्राच्या मूळ आज्ञावलीनें रोखून धरला आहे, आणि तो किती सेकंद रोखला होता, असें ती सांगते. यंत्र सुरू होतांना ती एकदां आली तर भिण्याचें कारण नाहीं. परंतु ती वारंवार येत असेल तर दोन स्थळें तपासावीं. पहिलें, वीजपुरवठा. लहान आकाराच्या कित्येक डेस्कटॉप यंत्रांस बाहेरून अडॅप्टर लावावा लागतो; तो मूळचा नसला, किंवा कमी शक्तीचा असला, तर यंत्र सावध होऊन प्रोसेसरला अगदीं खालच्या वेगावर बसवितें. दुसरें, प्रोसेसरला वीज पुरविणारे मदरबोर्डवरील भाग. ते फार तापले तर मदरबोर्डच प्रोसेसरला “थांब, सावकाश चाल” असा इशारा देतो. प्रोसेसर थंड, पण वेग खिळलेला, अशा कोड्याचा उलगडा पुष्कळदां येथें होतो.

नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसविला असेल तर बायॉसची नवी आवृत्ति घालावी लागते. परंतु हें काम चालू असतां वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा निकामी होऊं शकतो. ज्या गांवीं भारनियमनाचा भरंवसा नाहीं, तेथें विजेची पर्यायी सोय असल्यावांचून कोणीही हें काम आरंभूं नये.

दुसरा प्रकार: उष्णता

आतां आमच्या इकडे सर्वांत अधिक आढळणाऱ्या कारणाकडे वळूं. चालू प्रोसेसरला लागणारी जवळजवळ सर्व वीज शेवटीं उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. कोअर आय-५ ६५०० साठीं कंपनीनें ही मर्यादा ६५ वॅट सांगितली आहे; म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याएवढी उष्णता रुपयाच्या नाण्याहूनही लहान जागेंत निर्माण होते! ती वाहून नेण्यासाठीं प्रोसेसरवर धातूचा पाकळ्यापाकळ्यांचा ठोकळा बसविलेला असतो. त्यास हीटसिंक म्हणतात. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामधील अदृश्य फटींत हवा राहूं नये म्हणून थर्मल पेस्ट नांवाचें मलम लावितात, आणि वरून पंखा वारा घालतो. या सांखळीचा एक दुवा सैल झाला कीं उष्णता आंत कोंडते.

अशा वेळीं प्रोसेसर काय करतो? तो स्वतःचा जीव वांचवितो. इंटेलनें २००० सालीं काढलेल्या पेंटियम ४ मध्यें अशी योजना अंगभूतच केली होती, कीं उष्णतामान मर्यादेबाहेर जाऊं लागतांच प्रोसेसरनें आपला वेग आपणच कमी करावा. अशी योजना नसलेले त्या काळचे प्रोसेसर हीटसिंक निसटला तर जळून जात. यास्तव उष्णतेनें आलेली मंदता हा प्रोसेसरचा दुर्गुण नसून सद्गुण आहे. ती बंद कशी करावी हें विचारण्यापेक्षां, तिच्यावर ही पाळी कां आली, हें विचारावें.

हवेचा हिशेबही येथें महत्त्वाचा आहे. खोलींत २५ अंश असतां जो प्रोसेसर कामाच्या भरांत ७० अंशांवर स्थिर राहतो, तो हवेपेक्षां ४५ अंशांनीं अधिक तापतो. विदर्भांत किंवा खानदेशांत मे महिन्यांत खोलींतील हवा ४२ अंशांवर गेली तर तोच प्रोसेसर ४२ + ४५ म्हणजे सुमारें ८७ अंशांवर जाईल. त्यांत धुळीनें आणखी पंधरा अंशांची भर घातली कीं मर्यादा गांठली. दिवाळींत नीट चालणारें यंत्र उन्हाळ्याच्या सुटींत कां कुंथतें, याचें उत्तर या बेरजेंत आहे.

गेल्या एप्रिलमध्यें आमच्या संगणक-कक्षांतील एका यंत्राविषयीं तक्रार आली. एका कारागिरानें तें न उघडतांच “प्रोसेसर म्हातारा झाला, यंत्र बदला” असा सल्ला दिला. इयत्ता नववींतील तीन मुलींनीं वही घेऊन मोजणी केली. काम सुरू होतांच वेग ३.३ गिगाहर्ट्झ, दुसऱ्या मिनिटास उष्णतामान ९४, तिसऱ्या मिनिटास १००, आणि वेग २.१, पांचव्या मिनिटास वेग १.६. आलेख उघड उघड दुसऱ्या प्रकारचा होता. पेटी उघडून पाहतां हीटसिंकच्या पाकळ्यांत धुळीचा नमदा बसलेला आढळला, आणि पंख्याच्या चार प्लॅस्टिकच्या खिळ्यांपैकीं एक वर आलेला होता. धूळ काढली, जुनें वाळलेलें मलम पुसून नवें लावलें, चारही खिळे नीट बसविले. फिरून मोजणी केली तेव्हां दहा मिनिटें वेग ३.३ वरून हालला नाहीं, आणि उष्णतामान ६८ च्या पुढें गेलें नाहीं. खर्च मलमाच्या एका लहान नळीचा आणि एका कुंचल्याचा. तें यंत्र आजही मुलांच्या कामास येत आहे.

हें काम घरीं करणारांनीं पुढील गोष्टी पाळाव्या. मोठें माणूस जवळ असल्यावांचून पेटी उघडूं नये. यंत्र बंद करून विजेची तार भिंतींतून काढावी, आणि कांहीं वेळ तें निवूं द्यावें. आंत हात घालण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत् निघून जाते. धूळ मऊ कुंचल्यानें काढावी. फुंकणी वापरल्यास पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं. जुनें मलम आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ फडक्यानें पुसावें, आणि नवें वाटाण्याच्या दाण्याएवढेंच घ्यावें. अधिक लावल्यानें अधिक गुण येत नाहीं. वीजपुरवठ्याची बंद पेटी मात्र कोणत्याही कारणानें उघडूं नये. तार काढल्यानंतरही तींत विजेचा धोका राहतो.

वेग बरोबर, तरी यंत्र मंद

आलेख पहिल्या प्रकारचा निघाला, पण यंत्र तरीही रखडतच चालतें, असेंही घडतें. तेव्हां प्रोसेसरला दोष देऊं नये. टास्क मॅनेजरमध्यें त्याच ठिकाणीं मेमरी आणि डिस्क यांचे आंकडे असतात. डिस्क कांहीं विशेष काम नसतां सतत शंभरावर असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क हेंच मंदतेचें मूळ असतें. तिच्या जागीं एसएसडी बसविली म्हणजे जुनें यंत्रही पुष्कळ चपळ होतें. ती बदलण्यापूर्वीं आपलीं पत्रें, छायाचित्रें आणि शाळेचीं टिपणें यांची दुसरी प्रत काढून ठेवावी. मेमरी भरून जात असेल तर तिची भर घालावी. आणि आपण कांहीं करीत नसतां युटिलायझेशन सतत नव्वदाच्या वर असेल, तर कोणता कार्यक्रम प्रोसेसरला राबवितो आहे हें प्रोसेसेस या यादींत पाहावें. अनोळखी नांव दिसल्यास विषाणूची तपासणी करावी.

पालकांस विनंति

वरील पायऱ्या करूनही दोष सांपडला नाहीं, तर जाणत्या कारागिराकडे अवश्य जावें. पण जातांना ती वही बरोबर न्यावी. “यंत्र फार मंद आहे” असें सांगणाऱ्या गिऱ्हाइकास काय उत्तर मिळेल तें सांगतां येत नाहीं. परंतु “खोलींत ३१ अंश, तिसऱ्या मिनिटास वेग इतका, उष्णतामान इतकें, सेल नवा घातला, बायॉसची मांडणी मूळची आहे” असें सांगणाऱ्या मुलास प्रामाणिक कारागीर आनंदानें मदत करील, आणि अप्रामाणिक कारागीर दोनदां विचार करील.

शेवटीं नवें यंत्र घेणेंच प्राप्त झालें तर तें खुशाल घ्यावें. जुना प्रोसेसर आपल्या पूर्ण वेगानें चालत असूनही मुलाच्या कामास पुरत नाहीं, असें वहीवरून दिसलें, तर तो खर्च योग्य कारणासाठीं झाला असें समाधान तरी राहील. मात्र खर्चापूर्वीं त्या वहींत दहा मिनिटांची एक नोंद असूं द्यावी. आमच्या विद्यार्थ्यांनीं या सुटींत आपल्या घरच्या किंवा शेजारच्या एका संगणकाची अशी परीक्षा घ्यावी, तिचा आलेख काढावा, आणि शाळा उघडल्यावर तो आम्हांस आणून दाखवावा. तिन्ही प्रकारचे आलेख आम्हीं वर्गाच्या भिंतीवर शेजारीं शेजारीं लावणार आहों.